मोटारसायकलची क्लच केबल : घरच्या घरी बदलण्याची रीत

खेड्यातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत मोटारसायकल हे आता बैलजोडीइतकेच गरजेचे साधन झाले आहे. पहाटेचे दूध संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीपाला बाजारात नेणे, खताची गोणी आणणे, शाळेच्या वेळेस मुलांना फाट्यावर सोडणे आणि प्रसंगी आजारी माणसास दवाखान्यात नेणे ही सर्व कामे याच वाहनावर होतात. हे वाहन वाटेत बंद पडण्याची जी कारणे आहेत, त्यांपैकी क्लच केबल तुटणे हे एक होय. या केबलची किंमत शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून सहसा कमी असते व ती बदलण्यास सवय नसलेल्या माणसासही तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. परंतु तीच केबल दुधाच्या किटल्या लावलेल्या असताना गावापासून सहा-सात किलोमीटरवर तुटली, म्हणजे नुकसानीचा हिशेब निराळा होतो. उन्हाळ्यात दूध दोन-तीन तासांत नासू लागते, गाडी ढकलत किंवा टेंपोत घालून तालुक्याच्या गावी न्यावी लागते, आणि टेंपोचे भाडेच केबलच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

केबल अचानक तुटली असे पुष्कळदा सांगण्यात येते. वस्तुतः तसे क्वचितच घडते. तुटण्यापूर्वी ती बरेच दिवस सूचना देत असते. या सूचना ओळखून, शेतीच्या कामातून सवड असेल त्या दिवशी घराच्या ओसरीवर बसून केबल बदलली, तर वरील सर्व त्रास टळतो. यास्तव केबलची रचना, तिच्या बिघाडाची चिन्हे व ती बदलण्याची रीत यांची माहिती प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्यास असणे जरुरीचे आहे.

केबलचे काम

इंजिन फिरत असताना त्याची शक्ती गिअरपेटीकडे व तेथून मागील चाकाकडे जाते. गिअर बदलताना किंवा थांबताना ही शक्ती क्षणभर तोडावी लागते. हे काम क्लच करतो. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांची एक रास असून बळकट स्प्रिंगांनी त्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून धरलेल्या असतात. डाव्या हातातील लिव्हर ओढली की केबल ओढली जाते, इंजिनावरील एक लहान आर्म फिरतो, स्प्रिंगांचा दाब सुटतो व चकत्या मोकळ्या होतात. लिव्हर सोडली की त्या पुन्हा चिकटतात. म्हणजे हाताची ओढ इंजिनापर्यंत नेणे एवढेच केबलचे काम आहे.

केबलचे दोन भाग असतात. आत पोलादाच्या बारीक तारांचा पीळ घालून केलेली दोरी असते आणि बाहेर पोलादी तारेच्या वेटोळ्यांची नळी असून तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते. बाहेरची नळी दोन्ही टोकांस टेकून स्थिर राहते व आतील तार तिच्यातून सरकते. यामुळेच केबल वळणावळणाने नेली तरी ओढ टोकापर्यंत पोहोचते. अर्नेस्ट बाउडेन याने या रचनेचे पेटंट १८९६ मध्ये मिळविले, आणि इंग्रजीत अशा केबलला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्या खेड्यांत मात्र तिचा परिचय उशिरा झाला. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा ग्रामसेवक ज्या भक्कम सायकलींवरून गावोगाव फिरत, त्यांचे ब्रेक बहुधा लोखंडी सळ्यांचे असत. सळी वाकली तर ठोकून सरळ करता येई. केबलला ही ठोकाठोक चालत नाही.

आतील तारेच्या दोन्ही टोकांवर धातूची एकेक लहान गोळी पक्की बसविलेली असते. वरची गोळी लिव्हरच्या खोबणीत व खालची इंजिनावरील आर्ममध्ये अडकते. लिव्हर ओढताना वरची गोळी आपल्या खोबणीत किंचित फिरली पाहिजे. ती धुळीने अगर गंजाने जखडली, तर प्रत्येक वेळी गोळीच्या मानेशी तार वाकते, आणि दिवसातून शेकडो वेळा वाकून तेथील एकेक धागा तुटत जातो. विहिरीच्या पोहऱ्याचा दोर जसा कडीला बांधलेल्या जागीच बहुधा झिजतो, तसाच हा प्रकार आहे.

केबल खराब होत असल्याची चिन्हे

लिव्हर पूर्वीपेक्षा जड लागणे हे पहिले चिन्ह होय. ती ओढताना अडखळत असेल किंवा सोडल्यावर सावकाश परत येत असेल, तर आतील तार गंजली आहे अथवा नळीत माती शिरली आहे असे समजावे. वारंवार ॲडजस्टर फिरवून तार ताणावी लागणे हे अधिक गंभीर चिन्ह आहे. केबल ताणली गेली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती ताणलेली नसून तिचे धागे तुटत चाललेले असतात व उरलेल्या धाग्यांवर सारा भार आलेला असतो. शंका असल्यास लिव्हरजवळील रबरी टोपी मागे सारून गोळीच्या मानेशी नीट पाहावे. एक जरी धागा सुटून बाहेर आलेला दिसला तरी केबल बदलावी. ‘आणखी आठ दिवस चालेल’ हा अंदाज बहुधा चुकतो.

केबल लवकर खराब होण्याची कारणे शेतीच्या वापरातही आहेत. खताची गोणी टाकीवर ठेवून आणताना सांडलेले कण हवेतील ओल धरतात व त्यामुळे पोलाद गंजते. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुण्याची पद्धत अलीकडे बरीच रूढ झाली आहे. त्या जोरदार धारेने चिखल निघतो हे खरे. परंतु धार हँडलजवळ मारली असता पाणी केबलच्या वरच्या टोकातून आत शिरते व तेथेच राहते. धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवल्यास उंदीर प्लॅस्टिकचे आवरण कुरतडतात, हाही अनुभव पुष्कळांचा आहे. मात्र सर्वांत मोठे कारण म्हणजे कोरड्या पडलेल्या तारेला तेलाचा थेंबही न मिळणे.

नवी केबल घेताना

दुकानात गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे आणि शक्य असल्यास जुनी केबल काढून बरोबर न्यावी. दोन्ही केबली शेजारी धरून तीन गोष्टी ताडून पाहाव्या : बाहेरील नळीची लांबी, नळीबाहेर राहिलेल्या तारेची लांबी व दोन्ही टोकांच्या गोळ्यांचा आकार. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या केबलींतही फरक असतो. उंच हँडल बसविलेल्या गाडीस मूळ लांबीची केबल आखूड पडते, हेही ध्यानात ठेवावे. एखाद-दुसरा पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, थोडे इंजिन ऑइल, थोडे ग्रीस, जुने फडके व हातभर लांबीची दुप्पट सुतळी एवढे साहित्य पुरे होते. पाने बहुधा दहा व बारा नंबरचे लागतात.

केबल बदलण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी व चावी काढून घ्यावी. केबलची दोन्ही टोके फडक्याने पुसून स्वच्छ करावी. मातीने भरलेल्या भागात हात घातला तर तीच माती नव्या केबलमध्ये जाते.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात व मागाहून पस्तावतात. जुनी केबल कोठून कोठे गेली आहे ते आधी पाहून घ्यावे. ती हँडलवरून निघते, पुढील दिव्याच्या मागून, टाकीच्या खालून अगर बाजूने जाते व कित्येक हलक्या गाड्यांत इंजिनाच्या उजव्या अंगास उतरते. वाटेत ती तारेच्या कड्यांतून किंवा पट्ट्यांतून ओवलेली असते. मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवल्यास उत्तम. कुटुंबातील शाळकरी मुलामुलींवर हे काम सोपविता येते. बऱ्याचदा त्यांनाच ते अधिक चांगले साधते.

आता वरच्या टोकाकडे यावे. रबरी टोपी मागे सारून ॲडजस्टरवरील लॉकनट ढिला करावा आणि ॲडजस्टर पूर्ण आत फिरवावा. त्यामुळे तार ढिली होते. नीट पाहिल्यास ॲडजस्टर, लॉकनट व लिव्हरचा धारक या तिहींना एकेक चीर असल्याचे आढळेल. या तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या म्हणजे तार बाजूने सरकवून बाहेर काढता येते. चिरा जुळविल्याशिवाय जोर लावल्यास तार निघत नाही व ॲडजस्टरचे आटे मात्र खराब होतात.

वर पुरेशी ढिलाई मिळाली नाही, तर इंजिनाजवळील खालच्या ॲडजस्टरचे दोन्ही नट सैल करावे. मग आर्म हाताने किंवा पान्याने थोडा दाबून खालची गोळी आर्ममधून सोडवावी. काही गाड्यांत ती निसटू नये म्हणून पत्र्याची जीभ वाकविलेली असते. ती हळूच उघडावी, मोडू नये. यानंतर वरची गोळी लिव्हरच्या खोबणीतून खाली ओढून काढावी.

जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी तिच्या खालच्या टोकास सुतळी घट्ट बांधावी. केबल वरच्या बाजूने ओढली की तिच्यामागून सुतळी त्याच वाटेने जाते. मग सुतळीच्या वरच्या टोकास नव्या केबलचे खालचे टोक बांधून सुतळी खालून ओढावी. पायजम्यात नाडी ओवताना जी युक्ती करतात तीच ही होय. असे केल्याने टाकी काढावी लागत नाही व वाटही चुकत नाही. सुतळी वाटेत अडली, तर झटका न देता अडलेल्या जागी हात घालून सोडवावी. विजेच्या तारांचे जोड याच भागात असतात, हे विसरू नये.

नवी केबल बसविण्यापूर्वी लिव्हरची तपासणी अवश्य करावी. लिव्हरचा खिळा काढून पुसावा व त्यावर ग्रीसचे बोट फिरवावे. गोळीच्या खोबणीत बोट घालून पाहावे. ती लांबट झिजली असेल किंवा तिच्या काठास धार आली असेल, तर लिव्हरही बदलावी. दर चार-सहा महिन्यांनी एकाच जागी केबल तुटत असल्याची तक्रार ज्यांची असते, त्यांनी केबलच्या कंपनीस दोष देण्यापूर्वी ही खोबण पाहिली पाहिजे.

नव्या केबलमध्ये तेल सोडण्यासाठी ती खिडकीस किंवा खांबास उभी टांगावी, वरच्या टोकाभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधावा व त्यात चमचाभर पातळ तेल ओतून तार वरखाली करावी. खालच्या टोकातून तेल दिसू लागले म्हणजे काम झाले. घट्ट ग्रीस नळीत कोंबू नये. त्यावर धूळ बसून लगदा होतो. मात्र कित्येक नव्या केबलींत आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. अशा केबलच्या वेष्टनावर तेल घालू नये अशी सूचना असल्यास ती पाळावी. दोन्ही गोळ्यांवर मात्र ग्रीस लावावेच.

यानंतर प्रथम वरची गोळी लिव्हरमध्ये व नंतर खालची आर्ममध्ये बसवावी. बाहेरील नळीची दोन्ही टोके आपापल्या खाचेत पूर्ण टेकली आहेत याची खात्री करावी. वर जुळविलेल्या चिरा आता एकमेकींपासून फिरवून ठेवाव्या, म्हणजे तार निसटणार नाही.

ढिलाई किती ठेवावी

केबल बसविण्याचे काम येथवर कोणासही जमते. खरी चूक होते ती यापुढे. नवी केबल म्हणजे ती घट्ट ताणलेली असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत क्लचचा घात करते. तार पूर्ण ताणली तर लिव्हर सोडलेली असतानाही आर्म किंचित ओढलेला राहतो व चकत्या पुरत्या चिकटत नाहीत. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो, पेट्रोल अधिक जाते आणि काही दिवसांतच चकत्या जळून निकामी होतात. मग शे-दोनशे रुपयांच्या कामाचे रूपांतर इंजिन उघडण्याच्या कामात होते. याउलट ढिलाई फार ठेवली, तर लिव्हर पूर्ण ओढूनही चकत्या सुटत नाहीत. गिअर खडखडत पडतो आणि उभी गाडी पुढे रेटू लागते.

या ढिलाईला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. ती मोजण्याची रीत सोपी आहे. लिव्हर एका बोटाने हळू ओढावी. सुरुवातीस ती सहज येते व मग एकाएकी जड लागते. तेथपर्यंत लिव्हरचे टोक किती सरकले ते पट्टीने मोजावे. १०० सीसीच्या आसपासच्या कित्येक गाड्यांत हे अंतर १० ते २० मिलिमीटर असावे लागते. काही पुस्तिकांत हे माप लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर असे दिलेले असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील माप अखेरचे मानावे. आधी वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत ठेवून खालच्या ॲडजस्टरने ढिलाई जुळवावी व तेथील नट आवळावे. वरचा ॲडजस्टर पुढील किरकोळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. बारीक फरक त्याने करून लॉकनट आवळावा.

यानंतर हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही वेळा ढिलाई पुन्हा पाहावी. एका बाजूस वळविताच ती नाहीशी होत असेल, तर केबल कोठेतरी अडकली आहे अगर चुकीच्या वाटेने गेली आहे. अशी गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे. हे ठीक असल्यास इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकावा, लिव्हर ओढावी व गाडी पुढे ढकलून पाहावी. ती फारसा विरोध न करता सरकली पाहिजे. लिव्हर सोडताच ती अडली पाहिजे. मग इंजिन सुरू करून मोकळ्या जागेत फेरी मारावी. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, सबब आठवड्याने ढिलाई पुन्हा मोजावी.

माप बरोबर असूनही चढावर गाडी ओढत नसेल, तर दोष केबलचा नसून चकत्यांचा किंवा स्प्रिंगांचा आहे. तेथे मात्र जाणत्या मेकॅनिककडेच जावे.

वाटेत तुटल्यास

तुटलेल्या तारेस गाठ मारता येत नाही. आखूड झालेली तार मापात बसत नाही व गाठ नळीत शिरत नाही. स्क्रूने आवळावयाची सुटी गोळी बाजारात मिळते. ती घर गाठण्यापुरती उपयोगी पडते, कायम ठेवू नये.

क्लचवाचून गाडी चालवीत आणणारे लोक आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून, गाडी ढकलून थोडी गती आली की पहिला गिअर टाकतात. त्या वेळी जोराचा हिसका बसतो. थांबण्यापूर्वी ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल साधावा लागतो. तो न साधल्यास इंजिन बंद करण्याखेरीज गत्यंतर नसते. रहदारीत, मागे माणूस बसलेला असताना किंवा किटल्या लावलेल्या असताना हा प्रयोग मुळीच करू नये. दूध दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवावे व गाडी ढकलत आणावी.

याहून चांगली सोय अशी की, ज्यांना रोज लांब जावे लागते त्यांनी नवी केबल आणून ती जुन्या केबलच्या शेजारून त्याच वाटेने ओवून ठेवावी. तिची दोन्ही टोके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बांधावी. हँडल वळविताना ती अडत नाही एवढे पाहावे. जुनी तुटली की फक्त दोन टोके बदलावयाची राहतात व तेवढे काम रस्त्याच्या कडेस पंधरा मिनिटांत होते. मात्र त्याकरिता दोन पाने व पक्कड सीटखाली असणे जरूर आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी दूध संस्थेच्या आवारात याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यासाठी संस्थेत येणाऱ्यांपैकीच एखाद्याची जड लिव्हर असलेली गाडी घ्यावी व काम त्या गाडीच्या मालकाकडूनच करवून घ्यावे. लहान पॉवर वीडरवरही क्लचसाठी व ॲक्सिलरेटरसाठी याच जातीची केबल असते आणि ती खुरपणीच्या ऐन हंगामातच तुटते. तेव्हा त्याच बैठकीत वीडरची केबलही उघडून पाहावी, तीत तेल सोडावे व गोळीच्या मानेशी धागे तुटले आहेत का ते तपासावे.